मुक्कामी गाडी: सान हुआनपासून एका रात्रीवर



न्यू जर्सीतून सुट्टीला पोर्टो रिकोला निघालेली आपली माणसं मला हमखास एक प्रश्न विचारतात. "तू तिथे दोन वर्षं काढलीस ना? मग सांग, सान हुआनमध्ये राहून दिवसात काय काय उरकेल?"

खरं उत्तर असं की सगळंच उरकतं. हे बेट जेमतेम १०० मैल लांब आणि ३५ मैल रुंद आहे. सकाळी इडली खाऊन निघालात तर कुठलंही टोक गाठून रात्री जेवायला परत हॉटेलवर येता येतं. मीही पहिलं दीड वर्ष हेच केलं. सगळ्या ठिकाणांवर टिकमार्क झाले, फोटो झाले, पण बेट काही भेटलं नाही. कारण इथली खरी गंमत अंधार पडल्यावर सुरू होते, आणि त्या वेळी आपण हायवेवर परतीच्या ट्रॅफिकमध्ये असतो! म्हणून आज दिवसाच्या सहली नाही, मुक्कामाच्या सहली सांगतो. सान हुआनहून गाडीने एक ते अडीच तास, आणि एक रात्र तिथेच.

आम्ही तिथे कसे?

"पोर्टो रिकोत मराठी माणूस काय करतो?" असं वाटलं असेल, तर उत्तर आहे औषधं. १९७६ मध्ये आलेल्या ९३६ कलमाच्या करसवलतीमुळे बड्या औषध कंपन्यांनी तिथे कारखाने टाकले. १९९६ नंतर दहा वर्षांत ती सवलत संपवली गेली, काही कारखाने बंद झाले, पण बरेचसे अजून चालू आहेत. व्हॅलिडेशनच्या कॉन्ट्रॅक्टवर आपली बरीच मंडळी तिथे जाऊन येऊन असतात. मी २०२२ च्या उन्हाळ्यात गेलो. बायको आणि मुलगी एडिसनला, मी सान हुआनला. पंधरा दिवसांतून एकदा चार तासांचं विमान पकडून घरी जायचं आणि रविवारी रात्री परत यायचं.

२०२४ च्या जानेवारीत आई भारतातून आली. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. एडिसनच्या थंडीत ती खिडकीशी बसून असायची. तिसऱ्याच आठवड्यात "तिकीट अलीकडचं मिळतं का बघ" म्हणाली. मी म्हटलं, आधी माझ्याकडे चल, तिथे ऊन आहे. मग बघू.

निघण्यापूर्वी

गाडी भाड्याने घ्याच, सान हुआनबाहेर तिच्यावाचून काही चालत नाही. टोल ऑटोएक्स्प्रेसो या टॅगवर कापला जातो. भाड्याच्या गाडीत टॅग आहे का आणि त्याचे रोजचे पैसे किती, हे सही करण्याआधी विचारा. मी एकदा विचारलं नाही, आणि टोलपेक्षा "सेवाशुल्क" जास्त भरलं.

रस्त्यावरची एक मजा म्हणजे अंतरं किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मैलांत आणि पेट्रोल लिटरमध्ये! माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मागच्या सीटवर तेवढं गणित पुरायचं. स्टॉपच्या पाटीवर 'पारे' लिहिलेलं असतं, एक्झिट म्हणजे 'सालिदा', टोल म्हणजे 'पेआहे'. पत्तेसुद्धा "रस्ता १९१, किलोमीटर अमुक" असे, म्हणजे आपल्या मैलाच्या दगडांसारखे. डोंगरात फोनला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून घ्या. घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायची तिथे पद्धतच आहे. अमेरिकेत इतकी वर्षं दाबून ठेवलेला हात मोकळा सोडा!

राहायला मोठी रिसॉर्ट्स आहेतच, पण 'पारादोर' हा शब्द लक्षात ठेवा. घरगुती छापाच्या छोट्या हॉटेलांची ही सरकारी योजना १९७० च्या दशकात स्पेनच्या धर्तीवर सुरू झाली. बऱ्याच ठिकाणी मालकच सकाळी कॉफी आणून देतो.

मुक्काम पहिला: लुकियो, एल युंके, फहार्दो (सुमारे १ तास)

पूर्वेला निघालात की पाऊण तासात लुकियोचा समुद्र येतो. रस्ता क्रमांक ३ च्या कडेला साठेक टपऱ्यांची रांग आहे, तिला 'किओस्कोस' म्हणतात. मासे खाणाऱ्यांनी बाकालाईतो घ्यावा, कॉड माशाचा पातळ कुरकुरीत वडा असतो तो. शेजारच्या किनाऱ्यावर पाणी शांत आहे, लहान मुलांना सोडायला हरकत नाही.

एल युंके हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमधलं एकमेव उष्णकटिबंधीय वर्षावन. रस्ता १९१ वरून वर चढताना आंबोलीचीच आठवण येते. ढग काचेवर येऊन बसतात आणि कातळातून पाणी झिरपत असतं. ला कोका धबधबा गाडीतूनही दिसतो, आणि योकाहू मनोऱ्यावर चढलं की थेट समुद्रापर्यंतचं जंगल पायाखाली. २०१७ च्या मारिया वादळाने हे सगळं झोडपलं होतं. कुठल्या पायवाटा खुल्या आहेत ते निघण्यापूर्वी वनखात्याच्या साइटवर बघून घ्या. इथल्या हिरव्या पोपटाची जंगलातली संख्या १९७५ मध्ये १३ पर्यंत खाली गेली होती. पिंजऱ्यात पैदास करून, पिल्लं पुन्हा सोडून तो वाचवलाय. आम्हाला काही दिसला नाही.

रात्री फहार्दोला. तिथल्या लागूना ग्रांदे या खाडीतलं पाणी चमकतं. पायरोडिनियम नावाचे सूक्ष्म जीव पाणी हललं की निळसर उजेड टाकतात. लास क्रोआबासच्या धक्क्यावरून दोघांच्या कायाकमध्ये बसून खारफुटीच्या बोळकांडीतून आत जायचं. पाण्यात उतरायला मनाई आहे, पण वल्हं मारलं की टोकाशी काजव्यांचा सडा पडतो. अट एकच: चंद्र नको. वेबसाइटवर चंद्राचे तक्ते शोधू नका, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढा आणि अमावास्येच्या मागेपुढे दोन-तीन दिवस धरा. आम्ही ९ फेब्रुवारीची, पौषातली अमावास्या धरली होती. बायको आणि मुलगी त्या शनिवार-रविवारसाठी आल्या होत्या.

एक चूक मात्र झाली. बुकिंग करताना आईचा विचारच केला नाही. गुडघ्यांमुळे तिला कायाकमध्ये बसणं शक्य नव्हतं. "जा रे तुम्ही, मी बसते इथे," म्हणाली. आम्ही दोन तास खाडीत, ती धक्क्यावर बाकावर. परत आल्यावर मुलगी तिला हातवारे करून सांगत होती आणि ती "हो का, अगो बाई" करत होती. मला काही खटकलं नाही, हे आज लिहायला लाज वाटते.

मुक्काम दुसरा: अदहुंतास (सुमारे २ तास)

पुढच्या आठवड्यात मी आणि आई दोघंच डोंगरात गेलो. सान हुआनचे लोक शहराबाहेरच्या सगळ्या मुलखाला 'ला इस्ला', म्हणजे बेट म्हणतात, जणू राजधानी बेटावर नाहीच! अदहुंतासला गेलात की ते का म्हणतात ते कळतं. हायवे ५२ ने दक्षिणेला पोन्सेपर्यंत जायचं आणि तिथून रस्ता १० ने वर चढायचं. दक्षिणेकडचा प्रदेश कोरडा आहे. सांता इसाबेलच्या आसपास आंब्याच्या बागा लागतात. आई गाडीत पहिल्यांदाच ताठ बसली आणि म्हणाली, "मोहोर आलाय की!" तिथून पुढे तिची यादी सुरू झाली. केळी, नारळ, अळूच्या जातीची रुंद पानं, आणि एका घराच्या परसात चक्क नीरफणस. तिथे त्याला 'पाना' म्हणतात आणि चकत्या करून तळतात. दुपारी खानावळीत त्या आल्या तेव्हा आईने एक तुकडा चाखला, "रवा लावायला हवा होता," म्हणाली आणि सगळी थाळी संपवली.

अदहुंतास हे कॉफीचं गाव. चौकाजवळच्या एका जुन्या गुलाबी घरात 'कासा पुएब्लो' ही संस्था आहे. ती जरूर बघा, आपल्याकडच्या चळवळी पाहिलेल्यांना तर ती ओळखीचीच वाटेल. या डोंगरांत तांब्याच्या उघड्या खाणी काढायचा घाट घातला गेला होता. गावकऱ्यांनी १९८० मध्ये संस्था काढली, वर्षानुवर्षं लढले, खाणींचा बेत १९९० च्या दशकात रद्द करायला लावला, आणि खाणीच्या जागी गावाने सांभाळलेलं जंगल उभं राहिलं. संस्थापक अलेक्सिस मासोल गोन्सालेस यांना २००२ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. संस्था स्वतःची कॉफी विकते, त्यावर बराचसा खर्च चालतो.

छपरावर सौर पट्ट्या १९९९ पासून आहेत. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया आलं. बेटावर सगळीकडे वीज परत यायला जवळजवळ ११ महिने लागले. बळींचा सुधारलेला सरकारी आकडा २,९७५ आहे. त्या अंधारात या घरात दिवे होते. लोक फोन आणि श्वासोच्छ्वासाची यंत्रं चार्ज करायला इथे यायचे. २०२३ मध्ये तर चौकातली दुकानं जोडणारं गावाचं स्वतःचं सौर वीजजाळं सुरू झालं.

मुक्काम गावाबाहेर एका छोट्या जागेत होता. रात्री आठच्या सुमारास वीज गेली. (याची तयारी ठेवाच. वीज जाणं तिथे अजून नेहमीचं आहे. १८ सप्टेंबर २०२२ ला फियोना वादळात अख्खं बेट अंधारात गेलं, तेव्हा मी तिथे जाऊन जेमतेम काही आठवडे झाले होते.) मालकीणबाईंनी मेणबत्ती आणून दिली. आम्ही पडवीत बसलो. आणि मग कोकी ओरडायला लागले.

कोकी म्हणजे नखाएवढा नाही म्हणणार, पण अंगठ्याएवढा बेडूक. 'को-की, को-की' ही त्याचीच हाक. 'को' दुसऱ्या नरांना दमात घेण्यासाठी आणि 'की' मादीला बोलावण्यासाठी, असं शास्त्रज्ञ सांगतात. अंड्यातून थेट छोटा बेडूकच बाहेर येतो, मधे शेपटीवाल्या पिल्लाची अवस्था नाही, त्यामुळे त्याला तळंही लागत नाही. हजारो कोकी एकदम सुरू झाले की आधी गोंगाट वाटतो. पंधरा मिनिटांनी तो ऐकू येईनासा होतो आणि माणूस बोलायला लागतो.

आई म्हणाली, "तुझे बाबा अशाच गावांना जायचे."

बाबा एस.टी.त कंडक्टर होते. बरीच वर्षं मुक्कामी गाडीवर. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी: संध्याकाळी डेपोतून सुटायची, घाट चढून शेवटच्या गावाला जायची, रात्रभर तिथेच थांबायची आणि पहाटे शाळकरी पोरं, दुधाच्या किटल्या घेऊन परत यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा गाडीतच झोपायचे.

"कुठल्या गावात पाणी गोड, कुठे काजवे येतात, कुणाच्या घरी भाकरी मिळते, सगळं ठाऊक होतं त्यांना. घरी येऊन सांगायचे. मी म्हणायची, मला न्या एकदा. म्हणायचे, नेतो की, रिटायर झालो की दोघं जाऊ, मीच तिकीट फाडीन तुझं." ती हसली. "रिटायर झाले तोवर त्यांचे पाय गेले होते."

मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू पण मुक्कामी गाडीच धरलीस रे. परवा तुम्ही खाडीत गेलात, तेव्हा मला एकदम तेच वाटलं. आता येऊन सांगतील."

वीज पहाटे आली. मला झोप लागली नव्हती. कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षं वाढवायचं पत्र तेव्हा माझ्या सान हुआनच्या टेबलावर सहीसाठी पडलेलं होतं.

मुक्काम तिसरा: पोन्से आणि ला पार्गेरा (दीड ते सव्वादोन तास)

पोन्से हे दक्षिणेकडचं जुनं, ऐटबाज शहर. चौकातली लाल-काळ्या पट्ट्यांची लाकडी इमारत म्हणजे पूर्वीचं अग्निशामक केंद्र, मुळात १८८२ च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं. कलासंग्रहालयाला ७ जानेवारी २०२० च्या भूकंपात मार बसला, म्हणून जाण्याआधी काय खुलं आहे ते विचारा. शहराबाहेर रस्ता १२३ वर असिएंदा बुएना विस्ता हा जुना कॉफीचा मळा आहे. धबधब्याचं पाणी पाटाने आणून चाक फिरवतात, आणि त्यावर जुनी यंत्रं अजून चालतात. आधी बुकिंग लागतं.

तिथून पश्चिमेला ला पार्गेरा. इथेही चमकणारं पाणी आहे, आणि फहार्दोपेक्षा उजेड कमी आहे हे प्रामाणिकपणे सांगतो. पण इथे मोटरबोटीने नेतात आणि पाण्यात उतरूही देतात. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी सरळ इथेच यावं. आम्ही १० मार्चची, माघातली अमावास्या धरली, चौघं गेलो. बोटवाल्याने आणि मी धरून आईला आत बसवलं. खाडीत इंजिन बंद झाल्यावर ती कडेवरून वाकली, हात पाण्यात घातला, आणि मनगटापर्यंतच्या बांगड्या उजळल्या. माझी मुलगी ओरडली, "आजी, युअर बँगल्स!" आईने हात बराच वेळ बाहेर काढला नाही. काही बोललीही नाही.

दुसऱ्या दिवशी काबो रोहोचं दीपगृह आणि त्याच्या अलीकडची गुलाबी मिठागरं बघून परतलो. मिठागरात तिचं लक्ष जास्त होतं.

थोडक्यात आणखी

*आरेसिबो (सव्वा तास):* ३०५ मीटर व्यासाची ती प्रसिद्ध रेडिओ दुर्बीण १९६३ पासून होती, १ डिसेंबर २०२० ला कोसळली. केबल तुटून वरचा डोलारा तबकडीवर पडला. नारायणगावजवळची जी.एम.आर.टी. पाहिलेल्या पुणेकरांना हळहळ वाटेल.

*व्हिएकेस:* जगातली सर्वांत तेजस्वी चमकती खाडी इथे आहे. फेरी आता फहार्दोहून नाही, २०१८ पासून सेइबाहून सुटते. भाड्याची गाडी नेता येत नाही, म्हणून दोन रात्री हाताशी असतील तरच जा.

*ग्वावाते:* हायवे ५२ वरून जरा आत, रस्ता १८४. अख्खं डुक्कर भाजून विकणाऱ्या खानावळी आणि रविवारी गाणी-नाच. शाकाहाऱ्यांनी खिडक्या वर करून पुढे जावं.

शाकाहाऱ्यांसाठी

'आरोस कोन गांदुलेस' हा तिथला सणाचा भात. गांदुलेस म्हणजे आपले तुरीचे दाणे! पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, आणि साध्या राजम्यातही हॅमचा तुकडा पडतो. म्हणून "सीन कार्ने, सीन हामोन" हे पाठ करा: मांस नको, हॅम नको. मोफोंगो (कुटलेली कच्ची केळी, भरपूर लसूण) तसा सांगून करून मिळतो. गोडात 'आरोस कोन दुल्से' म्हणजे नारळाचं दूध, साखर, आलं, लवंग घातलेला भात. नारळीपौर्णिमेला तिथे असाल तर वेगळं काही करायला नको.

कागदपत्रं

पोर्टो रिको १८९८ पासून अमेरिकेकडे आहे, विमान देशांतर्गत असतं. त्यामुळे एच-वन वाल्यांना व्हिसाचा शिक्का संपला असला तरी जाता येतं, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांनाही. मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची प्रत मात्र जवळ ठेवा. सान हुआनहून सुटणाऱ्या क्रूझच्या मोहात पडू नका. ती दुसऱ्या देशांच्या बेटांवर जाते, म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात.

शेवटी

त्या पत्रावर मी सही केली नाही. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं, मी एडिसनला परत आलो. पगार कमी झाला, हे लपवत नाही. आई ठरल्या तिकिटावर एप्रिलमध्ये गेली, अलीकडचं तिकीट काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. आता फोनवर तब्येतीची चौकशी झाली की ती विचारते, "पुढचा मुक्काम कुठे?" तुम्ही जाल तेव्हा एक रात्र जास्त धरा, आणि बुकिंग करताना बरोबर कोण कोण आहे ते आधी मोजा.

ता.क.: परतताना सान हुआन विमानतळावर शेतीखातं बॅगा तपासतं. आंबे नेऊ देत नाहीत. मे-जूनमध्ये गेलात तर तिथेच खाऊन या.

ता.क. २: कालनिर्णयमधली अमावास्या भारतीय वेळेची असते. एखाद्या दिवसाचा फरक पडला तर खाडी रागावत नाही.